रीजनल सेंटरकडे जाताना: कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी

मूल अडीच वर्षांचं झालं तरी बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, आणि डॉक्टरांनी तपासणीच्या कागदावर 'डेव्हलपमेंटल डिले' असं काहीतरी लिहून दिलं आहे. किंवा मूल मोठं आहे, निदान पुण्यातच झालेलं आहे, आणि आता नोकरीपायी सगळं बिऱ्हाड सॅन होजेला आलं आहे. दोन्ही घरांचं पहिलं काम एकच. तुमच्या भागाच्या रीजनल सेंटरला, म्हणजे विकासात्मक अक्षमता असलेल्यांना सेवा मिळवून देणाऱ्या संस्थेला, लेखी कळवायचं. विमा, शाळा, थेरपीच्या वेटिंग लिस्ट हे सगळं जोडीने चालू राहू द्या, पण हा ईमेल आधी जाऊ द्या. पुढच्या सगळ्या मुदती तिथून मोजल्या जातात.

लेख फक्त कॅलिफोर्नियापुरता आहे. डॅलसच्या मावसबहिणीचा सल्ला इथे चालत नाही. टेक्ससमध्ये अशा सेवांसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागतं. इथे पात्र ठरलेल्या माणसाला रांगेत उभं करायची मुभा कायद्याने ठेवलेली नाही. अमलात किती येतं हा वेगळा विषय, आणि तोच या लेखाचा आहे.

हे सेंटर म्हणजे आहे तरी काय

राज्यात २१ रीजनल सेंटर आहेत. ती सरकारी कार्यालयं नाहीत. प्रत्येक सेंटर ही स्वतंत्र ना-नफा संस्था आहे, तिला स्वतःचं संचालक मंडळ आहे, आणि राज्याचा डिपार्टमेंट ऑफ डेव्हलपमेंटल सर्व्हिसेस (पुढे नुसतं 'डीडीएस' म्हणतो) तिच्याशी करार करून पैसे पुरवतो. म्हणजे नियम राज्याच्या विधिमंडळाचे, पैसा राज्याच्या अंदाजपत्रकातला आणि रोजचा कारभार स्थानिक संस्थेचा. फ्रीमाँटला एक उत्तर मिळतं आणि अर्ध्या तासावरच्या सनीव्हेलला दुसरं, ते यामुळेच.

याची सुरुवात १९६० च्या दशकात झाली. तेव्हा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला राज्याच्या मोठ्या इस्पितळात ठेवणं, नाहीतर घरी एकट्याने सांभाळणं, एवढेच पर्याय होते, आणि इस्पितळांनाही लांबलचक प्रतीक्षायादी होती. पालकांनी आवाज उठवला. सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसला दोन केंद्रं प्रयोग म्हणून सुरू झाली. १९६९ मध्ये असेंब्लीतले रिपब्लिकन सदस्य फ्रँक लँटरमन यांचा कायदा मंजूर झाला आणि त्यावर सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. आजही सगळे त्याला 'लँटरमन ॲक्ट' म्हणतात. पुढच्या दशकात सेरेब्रल पाल्सी, अपस्मार आणि ऑटिझम त्याच्या कक्षेत आले.

१९८५ सालचा एक निकाल मात्र लक्षात ठेवा. खर्च कमी करायला डीडीएसने काही सेवांवर सरसकट कात्री लावली होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. माणसाच्या आराखड्यात ठरलेल्या सेवा हा त्याचा हक्क आहे, विभागाला आपल्या मर्जीने त्या कापता येणार नाहीत, असं न्यायालय म्हणालं. कापायच्या असतील तर विधिमंडळाने कायदा बदलावा. विधिमंडळाने पुढे तेही केलं, त्याकडे येतोच.

पत्ता, व्हिसा आणि वय

सेंटर पत्त्यावरून ठरतं, निवडता येत नाही. सांता क्लारा, सांता क्रूझ, मॉन्टेरे आणि सॅन बेनिटो कौंट्या सॅन आंद्रियास रीजनल सेंटरकडे, अलमेडा आणि कॉन्ट्रा कोस्टा रीजनल सेंटर ऑफ द ईस्ट बेकडे, सॅन फ्रान्सिस्को, सॅन मटेओ आणि मरीन गोल्डन गेटकडे. लॉस एंजेलिस कौंटीत तर सात सेंटर आहेत. डीडीएसच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की तुमचं कोणतं ते कळतं.

एच-वन-बी, एच-फोर, ग्रीन कार्डची रांग, या सगळ्याचा सेंटरच्या पात्रतेशी संबंध नाही. कॅलिफोर्नियात राहत असणं पुरतं. उत्पन्नाचीही अट नाही, आणि इनटेक (म्हणजे सुरुवातीची नोंदणी-मुलाखत) व तपासणीला पैसे पडत नाहीत. मेडी-कॅलचं, म्हणजे राज्याच्या सरकारी आरोग्य विम्याचं, तसं नाही. तिथे व्हिसाचा प्रकार पाहिला जातो आणि ते नियम अधूनमधून बदलतात. त्या पायरीवर वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका, व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारून तर मुळीच नको.

वयाप्रमाणे दारं तीन आहेत. तीन वर्षांखालच्या मुलाला 'अर्ली स्टार्ट'. एखाद्या क्षेत्रात वयाच्या मानाने २५ टक्के मागे असणं त्यासाठी पुरतं, निदान लागत नाही, आणि कळवल्यापासून ४५ दिवसांत कुटुंबाचा आराखडा व्हायला हवा. तीन वर्षं पूर्ण झाली की हे दार बंद होतं. मूल पावणेतीनचं असेल तर आज रात्रीच ईमेल पाठवा.

मधलं दार नवं आहे. पूर्वी तीनचं झालेलं मूल अर्ली स्टार्टमधून बाहेर पडायचं आणि पक्कं निदान नसेल तर अधांतरी राहायचं. २०२१ च्या आणि नंतर २०२२ च्या अंदाजपत्रकी कायद्यांनी ही फट बुजवली. आता पाच वर्षांखालच्या मुलाची अडचण निव्वळ शारीरिक नसेल आणि स्वतःची कामं, भाषा, शिकणं, हालचाल, स्वतःला आवरणं यांपैकी किमान दोन क्षेत्रांत ते ठळकपणे मागे असेल, तर त्याला तात्पुरती पात्रता मिळते. इंग्रजीत 'प्रोव्हिजनल एलिजिबिलिटी' हेच शब्द वापरा. पाचव्या वाढदिवसाच्या आधी पुन्हा तपासणी होते.

पाचनंतर पूर्ण पात्रता लागते. अडचण १८ च्या आधी सुरू झालेली, कायम राहील अशी, आणि आयुष्यातल्या सात क्षेत्रांपैकी किमान तीनमध्ये मोठी मर्यादा आणणारी असावी. वरच्या पाचात आणखी दोन धरायची: स्वतंत्रपणे राहता येणं आणि कमावता येणं. आजार पाच प्रकारांत बसायला हवा: बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, अपस्मार, ऑटिझम, किंवा बौद्धिक अक्षमतेसारखीच मदत लागणारी दुसरी स्थिती. या शेवटच्याला बोलीत 'फिफ्थ कॅटेगरी' म्हणतात.

अर्ज आणि तपासणी

फोन केलात तरी त्याच दिवशी ईमेलही करा. दोन ओळी पुरतात: मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, काळजीचं कारण, आणि 'लँटरमन कायद्याखाली इनटेक आणि तपासणीची विनंती करत आहोत' असं स्पष्ट वाक्य. तिथून १५ कामकाजाच्या दिवसांत इनटेक व्हायला हवं आणि त्यानंतर १२० दिवसांत तपासणी पूर्ण व्हायला हवी. थांबण्याने मुलाला धोका असेल तर ६० दिवसांत. हे वेल्फेअर अँड इन्स्टिट्यूशन्स कोडच्या ४६४२ आणि ४६४३ या कलमांत लिहिलेलं आहे. कलमांचे आकडे ईमेलमध्ये घाला. उद्धटपणा वाटेल म्हणून आपली माणसं ते टाळतात, पण इथे तो उद्धटपणा मानत नाहीत.

भारतातले रिपोर्ट जरूर जोडा, बहुतेक इंग्रजीतच असतात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे भारतातलं अपंगत्वाचं ओळखपत्र, मात्र इथे ओळखीपलीकडे उपयोगाचं नाही. आपल्याकडे २०१६ च्या कायद्यात ४० टक्क्यांची रेषा आहे, इथे टक्केवारीच नाही. इथला प्रश्न असतो की मूल रोजच्या आयुष्यात काय करू शकत नाही.

आणि नेमकं इथेच मराठी घरांचं नुकसान होतं. फॉर्मवर प्रश्न येतो, 'स्वतः जेवतो का?' आई लिहिते, 'हो.' प्रत्यक्षात सात वर्षांच्या मुलाला आजी वरणभात कालवून भरवते, अंघोळ आजोबा घालतात, कपडे आई चढवते, आणि यात कोणालाच काही वावगं वाटत नाही, कारण आपल्याकडे लाडाने भरवतातच. तपासणाऱ्या बाईंना त्या 'हो'मधून सगळं स्वतः करणारं मूल दिसतं. म्हणून आठवडाभर आधी वही घाला: कोणती गोष्ट कोणी केली, किती वेळा सांगावं लागलं, एकटं सोडलं असतं तर काय झालं असतं. चारचौघांत मुलाचं कौतुकच करायची आपली सवय त्या खोलीबाहेर ठेवा. वाईटातला वाईट दिवस सांगा.

मुलाशी घरी मराठीच बोलत असाल तर ते लेखी कळवा आणि दुभाष्या मागा. कुटुंबाच्या भाषेत संवाद साधणं ही सेंटरची जबाबदारी आहे आणि त्याचे पैसे तुम्ही द्यायचे नसतात. इंग्रजीतल्या चाचणीत गप्प बसलेलं मूल 'चमचा दे' म्हटल्यावर चमचा देत असेल, तर अहवालात ते आलं पाहिजे. उलटही होतं. मराठीतही देत नसेल, तर 'घरी दोन भाषा आहेत म्हणून उशीर होतोय' या समजुतीला तिथेच उत्तर मिळतं.

आराखड्याची बैठक

पात्रता मिळाली की एक सर्व्हिस कोऑर्डिनेटर नेमला जातो आणि तपासणी संपल्यापासून ६० दिवसांत आयपीपी, म्हणजे त्या माणसाचा वैयक्तिक आराखडा, तयार व्हायला हवा. शाळेचा आयईपी वेगळा. दोन्हींची गल्लत बहुतेक नव्या घरांत होते. आयईपी शाळेच्या डिस्ट्रिक्टचा आणि शिक्षणापुरता, आयपीपी सेंटरचा आणि उरलेल्या सगळ्या आयुष्याचा. दर तीन वर्षांतून किमान एकदा आयपीपीचा फेरविचार होतो, पण मधे गरज बदलली तर तुम्ही मागा. मागितल्यापासून ३० दिवसांत बैठक व्हायला हवी.

कोऑर्डिनेटर चांगले असतात पण दमलेले असतात. कायद्यातलं ठरलेलं प्रमाण काही गटांसाठी एकामागे सरासरी ६२ माणसं आहे. तुमच्या मुलाला काय चालेल याची यादी ते घेऊन येतील ही आशा सोडा. यादी तुम्ही न्यायची, आणि सेवेच्या नावापेक्षा गरजेपासून सुरू करायची. 'रेस्पाइट (पालकांना विसावा मिळावा म्हणून तात्पुरतं सांभाळणारं माणूस) द्या' म्हणण्यापेक्षा 'रात्री तो तीनदा उठतो, आम्ही दोघं आळीपाळीने जागतो, आठवड्यात एक संध्याकाळ कोणी सांभाळणारं हवं' असं म्हटलं की त्यातून तास निघतात. उठताना मान्य झालेल्या सेवांची यादी लेखी मागा. ती द्यावीच लागते.

'नाही' ऐकल्यावर

नकार तीन प्रकारचे असतात आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. नव्या माणसाला हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पहिला नकार कायद्यातला. त्याचं उत्तम उदाहरण २००९ चं. मंदीत राज्याची तिजोरी रिकामी झाली आणि विधिमंडळाने अंदाजपत्रकाबरोबर कायदा करून सेंटरना पोहण्याचे वर्ग, शिबिरं, सामाजिक-मनोरंजनाचे कार्यक्रम, संगीत-नृत्याच्या थेरपी यांवर खर्च करायला बंदी घातली. रेस्पाइटलाही तीन महिन्यांत ९० तासांची मर्यादा आली. त्या काळात कोऑर्डिनेटर 'नाही' म्हणाला तर तो खरंच बांधलेला होता. रेस्पाइटची मर्यादा २०१७ मध्ये केलेल्या बदलाने जानेवारी २०१८ पासून गेली. उरलेल्या सेवा परत यायला २०२१ साल उजाडलं, एबी १३६ या विधेयकाने. बारा वर्षं. जे मूल २००९ मध्ये सहा वर्षांचं होतं, त्याचं सगळं शिबिराचं वय त्यात संपलं.

दुसरा नकार सेंटरच्या स्वतःच्या धोरणातला. प्रत्येक सेंटरचं सेवा-खरेदीचं धोरण असतं, डीडीएस ते तपासतो, आणि ते संकेतस्थळावर ठेवणं बंधनकारक आहे. वाचा, कंटाळवाणं आहे तरी वाचा. धोरणात अपवादाची तरतूद असते, कारण आराखडा माणसागणिक ठरला पाहिजे असं मूळ कायदाच म्हणतो. 'आमच्याकडे एवढेच तास देतात' हे वाक्य त्यामुळे बैठकीचा शेवट ठरत नाही, अपवाद मागायची ती जागा आहे.

तिसरा नकार सवयीतला. २०२१ नंतरही बरीच वर्षं 'पोहण्याचे पैसे आम्ही देत नाही' असं पालकांना ऐकू येत होतं. कायदा बदलला होता, माणसं बदलली नव्हती. यावर एकच साधं औषध: 'हे कोणत्या कलमाखाली किंवा धोरणाच्या कोणत्या परिच्छेदाखाली, ते कृपया ईमेलने कळवा.' अर्धे तिसऱ्या प्रकारचे नकार या वाक्यापाशी विरघळतात, असं माझं मत आहे.

या तिन्हींखेरीज एक नकार मात्र रास्त असतो. सेंटरने सगळ्यात शेवटी पैसे द्यायचे असतात. आधी विमा, शाळा, कौंटी. ऑटिझमच्या बिहेवियरल थेरपीचा खर्च विमा कंपन्यांनी द्यावा असा कायदा, एसबी ९४६, जुलै २०१२ पासून लागू आहे. पण मोठ्या टेक कंपन्या बऱ्याचदा कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च स्वतःच उचलतात, विमा कंपनी फक्त कागद सांभाळते. अशा योजनांना राज्याचा हा कायदा लागू होत नाही. एचआरला विचारा: 'आपली योजना सेल्फ-फंडेड आहे का?' उत्तर 'हो' आणि थेरपीला नकार असेल, तर तो लेखी नकार घेऊन सेंटरकडे जा.

कौंटीकडून मिळणारी मदत म्हणजे आयएचएसएस. घरात मदतनीसाचे तास मिळतात आणि काही अटींवर आई किंवा वडीलच तो पगारी मदतनीस होऊ शकतात. त्यासाठी मेडी-कॅल लागतं, आणि पगार बघून 'आपल्याला कुठलं मिळतंय' म्हणून लोक सोडून देतात. सेंटरमार्फत डीडी वेव्हरमध्ये (विकासात्मक अक्षमता असलेल्यांसाठीच्या मेडी-कॅलच्या खास योजनेत) नाव गेलं तर १८ खालच्या मुलाच्या मेडी-कॅलसाठी आई-वडिलांचं उत्पन्न मोजत नाहीत. मुलाच्या गरजा ठरावीक पातळीच्या असाव्या लागतात. कोऑर्डिनेटरला 'इन्स्टिट्यूशनल डीमिंग' विचारा, तो लगेच समजेल. व्हिसाबद्दल वर लिहिलेलं इथे पुन्हा वाचा.

अपील

सेवा नाकारली, कमी केली किंवा बंद केली तर सेंटरने लेखी नोटीस द्यायला हवी. चालू सेवेत तुमच्या संमतीविना बदल करायचा तर ३० दिवस आधी. नोटीस हातात पडल्यापासून अपिलाला ६० दिवस मिळतात. पण चालू सेवा निकालापर्यंत तशीच राहावी असं वाटत असेल तर ३० दिवसांच्या आत अपील करा. या मुदती मार्च २०२३ पासूनच्या आहेत. जुन्या लेखांत ३० आणि १० असे आकडे दिसतील, ते सोडून द्या. पुढे अनौपचारिक बैठक, मध्यस्थी आणि सुनावणी असे टप्पे आहेत. सुनावणी सेंटर घेत नाही, राज्याचे प्रशासकीय न्यायाधीश घेतात.

सेवेचा वाद नसून वागणुकीचा, उशिराचा, हक्क डावलल्याचा असेल, तर कलम ४७३१ ची तक्रार सेंटरच्या संचालकांकडे करा. २० कामकाजाच्या दिवसांत लेखी उत्तर यायला हवं. फुकट सल्ल्याला ऑफिस ऑफ क्लायंट्स राइट्स ॲडव्होकसी आहे, ती डिसॅबिलिटी राइट्स कॅलिफोर्निया ही संस्था चालवते. तक्रार केली तर मुलावर राग काढतील, ही भीती बऱ्याच घरांत बोलून दाखवतात. कोऑर्डिनेटरशी गोड राहून कागदावर कडक राहता येतं, आणि इथली मुरलेली पालकमंडळी तसंच करतात.

सेल्फ-डिटर्मिनेशन, थोडक्यात

२०१३ च्या एसबी ४६८ ने एक दुसरी वाट आणली. वर्षभराची ठरलेली रक्कम घ्यायची आणि आराखड्याच्या चौकटीत सेवा कोणाकडून घ्यायच्या ते आपण ठरवायचं. जुलै २०२१ पासून ती सगळ्यांना खुली आहे. पैसा तुमच्या हातात येत नाही, फायनान्शियल मॅनेजमेंट सर्व्हिस नावाची मधली संस्था बिलं भागवते. कागदपत्रं पुष्कळ. पहिल्याच वर्षी या वाटेला जाऊ नका, आधी साध्या पद्धतीने एक आयपीपी पार पडू द्या.

राजधानी सॅक्रामेंटोवर डोळा

लँटरमन कायद्यातले मोठे बदल बहुतेकदा वेगळं गाजलेलं विधेयक म्हणून येत नाहीत, अंदाजपत्रकाच्या पाठोपाठ येणाऱ्या 'ट्रेलर बिल'मधून येतात. २००९ ची कात्री तशीच आली आणि २०२१ ची परतफेडही. म्हणून कॅलेंडरवर तीन तारखा टाका. १० जानेवारीपर्यंत गव्हर्नरांचा प्रस्ताव येतो, १४ मेपर्यंत त्यात सुधारणा होते, १५ जूनपर्यंत विधिमंडळाने अंदाजपत्रक मंजूर करायचं असतं. नवं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू. ज्या वर्षी मे महिन्यात तुटीच्या बातम्या येतील, त्या वर्षी आधी मंजूर झालेल्या सेवा वेळेत वापरायला लागा.

एबीने सुरू होणारं विधेयक असेंब्लीचं, एसबी सिनेटचं. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर आकडा टाकला की मजकूर मिळतो, आणि जुन्या कायद्यात काय खोडलं, काय घातलं तेही दिसतं. समित्यांसमोर मिनिटभर बोलायला किंवा पत्र पाठवायला नागरिकत्व लागत नाही.

दोन ताज्या गोष्टी. २०२४ च्या एबी ११४७ ने १ जानेवारी २०२६ पासून रीजनल सेंटरना राज्याचा पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट लागू केला. माहितीच्या अधिकाराची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे हत्यार लगेच कळेल. आणि मार्च २०२५ मध्ये राज्याने या सगळ्या व्यवस्थेचा 'मास्टर प्लॅन' प्रसिद्ध केला. त्यातल्या शिफारशी पुढच्या विधेयकांमध्ये उतरताना दिसतील.

शिवाय प्रत्येक सेंटर दरवर्षी वंश आणि भाषेप्रमाणे कोणावर किती खर्च झाला ते प्रसिद्ध करतं आणि त्यावर जाहीर सभा घेतं. त्या सभेला मराठी माणूस क्वचित दिसतो. गणपतीत हॉल ओसंडतो, पण आपलं मूल घेऊन तिथे यायलाही काही घरं कचरतात, तर सभेत उठून बोलणं दूरच. संचालक मंडळात निम्म्या जागा अक्षम व्यक्ती किंवा त्यांचे पालक-पालनकर्ते यांच्यासाठी असाव्यात आणि किमान चौथा हिस्सा स्वतः अक्षम असलेल्यांचा असावा, असं कायदा सांगतो. जागा रिकाम्या होत राहतात.

घर बदलताना

भाडं वाढलं म्हणून सनीव्हेलहून ट्रेसी किंवा सॅक्रामेंटोकडे जाणारी कुटुंबं पुष्कळ, आणि त्यात सेंटर बदलतं. एका सेंटरने दिलेली पात्रता दुसऱ्याला मान्य करावी लागते. पुन्हा तपासणीच्या फेऱ्यांत पडू नका. जुना आयपीपी नवा होईपर्यंत चालू राहतो. तिथे तीच सेवा देणारा मिळाला नाही तर तिच्या जवळची सेवा द्यायची असते. निघण्याच्या महिनाभर आधी कोऑर्डिनेटरला नवा पत्ता आणि तारीख ईमेलने कळवा, फाइलची प्रत स्वतःकडे मागून घ्या, आणि राज्याबाहेर जात असाल तर तिथली प्रतीक्षायादी कधी उघडते ते सामान बांधायच्या आधी विचारा. लँटरमन कायदा राज्याच्या सीमेवर संपतो.